आमच्या घरीं काय वाजतें?

"सर, तुम्ही घरीं कोणतीं गाणीं ऐकतां?" असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस अनेक वेळां केला आहे, आणि त्यांच्या मुद्रांवरून असें वाटतें कीं, उत्तर ऐकण्यापूर्वींच त्यांची निराशा होऊन चुकलेली असते. हें उत्तर तासाची घंटा होण्याआधीं संपणारें नसल्यामुळें तें या अंकांतच देण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या पालकांस गाण्याचें वावडें असेल त्यांनीं खुशाल पान उलटावें.

आमच्या घरीं एक जुना फोनो आहे. आमचे आजोबा आलापल्लीच्या बाजूस एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. तबकड्या ते नागपुराहून आणवीत. त्या बल्लारशापर्यंत आगगाडीनें यावयाच्या, आणि तेथून पुढें धानाच्या तणसांत गुंडाळून बैलगाडीनें! चाळिसांतील अकराच आज शाबूत आहेत, यावरून त्या रस्त्याची कल्पना वाचकांस येईल. फोनोस चावी द्यावी, नवी टांचणी बसवावी. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेऊं लागली कीं आधीं कढईंत कांहीं तळल्यासारखा आवाज येतो, आणि त्या चरचरींतून अब्दुल करीम खांसाहेबांचा स्वर वर येतो. खांसाहेब मिरजेस येऊन राहिले व १९३७ सालीं वारले. त्यांच्या गाण्यांत गर्जना नाहीं, दरारा नाहीं. दिवसभर वर्गांत मोठ्यानें बोलून घरीं आलेल्या मनुष्यास, हळू बोलूनहि सर्व कांहीं सांगतां येतें हें ऐकणें किती सुखाचें असतें, हें शिक्षकांशिवाय इतरांस कळणें कठीण आहे.

आमच्या मातुःश्रींस मात्र हें गाणें रडवें वाटतें. त्या चिमूरकडच्या, त्यांची भक्ति तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर. १९४२ च्या चिमूरच्या उठावानंतर महाराजांस अटक झाली, ती हकीकत त्या आपल्या आईच्या तोंडून ऐकत वाढल्या. मोबाईलवर महाराजांचीं भजनें लागलीं कीं खांसाहेबांनीं थांबावें, असा घरचा नियमच आहे.

या तबकड्यांविषयीं आमचा आणखीहि एक अभिमान आहे, आणि तो मुलांस प्रथम खरा वाटत नाहीं. त्या लाखेच्या आहेत. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच करतात. तें खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख तयार होते. तींत दगडाची पूड व काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. जगास लागणारी बहुतेक लाख त्या काळीं हिंदुस्थानांतून जात असे. दुसऱ्या महायुद्धांत तिचा तुटवडा पडला, तेव्हां अमेरिकेंत लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन त्यांच्या नव्या करण्याची पाळी आली. पुढें १९४८ सालीं तेथें विनाईलची मोठी तबकडी निघाली आणि लाखेची गरजच हळूहळू सरली. पूर्वींच्या चांदा जिल्ह्याच्या रानांतहि लाख निघे. गडचिरोली जिल्हा त्यांतून १९८२ सालीं वेगळा झाला. येथली एखादी काडी आमच्या अकरा तबकड्यांत असेलच असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण नसेलच असेंहि कोणी सिद्ध करूं शकत नाहीं!

एका बाजूस सुमारें तीन-साडेतीन मिनिटें. तासभर गाणाऱ्यानें आपलें सारें तेवढ्यांत मांडावयाचें. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें भैरवींतील असेंच साडेतीन मिनिटांचें गाणें १९७७ सालीं अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींत घालून, अंतराळांत सोडण्यांत आलें. दुसरें यान सप्टेंबरांत निघालें आणि त्याच महिन्यांत बाई वारल्या. त्या दोहोंपैकीं एक यान २०१२ सालीं सूर्यमंडळाचा वारा जेथें संपतो त्या सीमेपलीकडे गेलें. तें गाणें आम्ही रात्रीं अंगणांत बसून ऐकतों. हें जरा नाटकी आहे, हें आम्हांस मान्य आहे.

एवढ्या दूर एक मराठी मुलखांतलें गाणें गेलें. आणि ज्या रानानें तबकड्यांस लाख दिली त्या रानाचें गाणें आमच्या अकरा तबकड्यांत एकहि नाहीं. वडशाकडील नाटकमंडळ्यांचें ठीक आहे. त्या दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र गातात, तेथें तबकडीचें काय काम? एक घोंगडी बरोबर असली म्हणजे झालें. परंतु गोंड-माडियांच्या गाण्यांचें काय? गोंडांच्या गीतांचा एक इंग्रजी संग्रह व्हेरिअर एल्विन व शामराव हिवाळे यांनीं १९३५ सालीं काढला, तो मंडल्याकडील. शिवाय छापलेल्या शब्दास चाल नसते.

येथें आम्हांस कुमार गंधर्व आठवतात. ते बेळगांवकडचे; क्षयाच्या विकारामुळें १९४८ च्या सुमारास देवासास जाऊन राहिले. कांहीं वर्षें त्यांस गाण्याची मनाई होती. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यांतील बायकांचीं गाणीं कानीं येत, तीं ते टिपून घेत. पुढें त्या धुनांतून त्यांनीं नवे राग उभे केले. त्यांच्या तबकड्या आम्ही गोड म्हणून ऐकतोंच (या गोडीविषयीं आमच्या घरांतच मतभेद आहेत), पण त्याहून अधिक, खिडकीबाहेरचें गाणें ऐकणारा कान त्यांत सांपडतो म्हणून.

आमच्या वसतिगृहांत भामरागड-एटापल्लीकडील माडिया मुलें आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत चौघांनीं आपापल्या गांवचीं गाणीं मोबाईलमध्यें भरून आणलीं. रविवारीं सायंकाळीं तीं आम्ही एकत्र ऐकतों. त्यांत रेला आहे, ढोल आहे, लग्नाचीं गाणीं आहेत; एका गाण्यांत मध्येंच कोंबडा आरवतो, एकांतून मोटारसायकल निघून जाते. भाषा आम्हांस येत नाहीं. सातवींतील एक मुलगा ओळीमागून ओळ थांबवून अर्थ सांगतो, दहावींच्या मुलांस गप्प बसवितो, आणि एखाद्या शब्दापाशीं अडला तर "याला मराठींत नाहीं," असें ठासून सांगतो. हाच मुलगा मराठीच्या तासास वाचावयास उठविला तर खालीं मान घालून उभा राहतो. आतांशा आम्ही त्याच्या या रविवारच्या आवाजाची वाट पाहतों. आमच्या ऐकण्याचें आजचें खरें कारण तेंच आहे.

त्याच्या आजीस सर्वांहून अधिक गाणीं येतात, असें तो म्हणतो. तिनें लग्नाचीं चार दिलीं, रोवणीचें मात्र दिलें नाहीं. पाऊस नाहीं, बांधींत पाणी नाहीं, हातांत पऱ्ह्याची पेंडी नाहीं, मग गाणें कोठून येणार, असें तिनें नातवास विचारलें. रोवणी आषाढांत लागते आणि तेव्हां शाळा चालू असते. त्यानें चार दिवसांच्या रजेचा अर्ज आतांपासूनच लिहून ठेवला आहे. कारणाच्या जागीं "आजीचें गाणें" असें लिहिलें आहे. अक्षर चांगलें आहे. तो अर्ज सध्यां मुख्याध्यापकांच्या मेजावर आहे.