गोंदण आणि फिल्टर

फोटोचं ऑइल पेंटिंग म्हणजे एक बटण दाबायचं, असं आमच्या नांदेडच्या कॅमेरा ग्रुपमध्ये बऱ्याच जणांना वाटतं. आतलं गणित मात्र मजेशीर आहे. १९७६ सालचा कुवाहारा फिल्टर (मूळचा हृदयाच्या वैद्यकीय चित्रांसाठी!) प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार चौकोन बघतो आणि ज्यात सगळ्यांत कमी चढउतार, त्याची सरासरी तिथे भरतो. कडा टिकतात, बारकावे जातात. कंधारच्या किल्ल्याची भिंत त्यात झक्कास दिसते. पण लातूरच्या आजीच्या कपाळावरचं गोंदण त्याला कचरा वाटलं, पुसूनच टाकलं! आजी म्हणाली, "ही कोण बाई रे?" आता कपाळापुरता फिल्टर बंद ठेवतो, गोंदणाचे ठिपके हाताने काढतो. वेळ लागतो राव, पण आजी आजीच राहते.