भिंतीवरचा कोट

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे सुरत-भुसावळ मार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्यांना ठाऊकच आहे. तिकीट काढायचे महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर बसायचे गुजरातेत, असा तिथला कारभार. फलाटावरच्या एका बाकड्यावर मधोमध दोन राज्यांची हद्द रंगवलेली आहे. माणसे त्या बाकड्यावर रेघेच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि फोटो काढून घेतात. आमच्या नात्यातल्या बहुतेक घरांत असा एक तरी फोटो सापडेल.

हा फोटो खोटा नाही. रेघ खरी, बाकडे खरे, बसलेली माणसेही खरी. पण सुरतेत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबाचे जगणे त्यात कुठे आहे? आम्ही काही रेघेच्या अलीकडे एक पाय आणि पलीकडे एक पाय ठेवून राहत नाही. भाजीवाल्याशी गुजराती, आईशी मराठी, आजीशी अहिराणी आणि शेजारच्या ओडिया बिऱ्हाडाशी हिंदी, हे सगळे एका तासात घडते, आणि मध्ये कुठेही रेघ दिसत नाही. जे दिसते त्याचा फोटो निघतो. जे दिसण्याइतके वेगळे उरलेलेच नाही, त्याचा कसा काढायचा?

हा प्रश्न मला पडला तो अभ्यासाच्या निमित्ताने. मी इथल्याच एका कॉलेजात शिकते. छायाचित्रणाच्या तासाला आम्हाला 'रोजचे जीवन' हा विषय मिळाला. बारा फोटो काढायचे होते. सरांची अट एकच होती. कोणालाही उभे करायचे नाही, 'इकडे बघा' म्हणायचे नाही, माणूस आपल्या नादात असताना टिपायचा. तयारीने काढलेला फोटो खोटा आणि नकळत काढलेला खरा, असे त्यामागचे साधे सूत्र. ऐकताना मलाही ते पटले होते.

आम्ही लिंबायतला राहतो. वडील उधन्याला यंत्रमागावर आहेत, बारा तासांची पाळी. आई घरी साड्यांचे काम घेते. खडे चिकटवायचे, लोंबणारे धागे कापायचे, कधी लेस लावायची. गठ्ठा सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो. आजी तिच्या शेजारी बसून धागे कापते. विषय घरातच होता. दूर जायची गरज नव्हती.

दुपारच्या उन्हाची तिरीप दारातून आत आली होती. साड्यांच्या ढिगात बसलेल्या आजीकडे मी कॅमेरा वळवला. तिने मान वर न करताच कात्री खाली ठेवली.

"थांब व, लुगडं बदली येस."

मी म्हटले, "आजी, तसेच बस ना. रोजच्यासारखी."

"आसा फोटो काय कामना?" असे म्हणून ती उठलीच. ट्रंकेतले हिरवे लुगडे नेसून, केसांना पाण्याचा हात लावून ती भिंतीला पाठ टेकवून ताठ उभी राहिली. हात सरळ, नजर थेट कॅमेऱ्यात, चेहऱ्यावर हसू नाही. सरांच्या अटीत न बसणाऱ्या सगळ्या गोष्टी तिने एका फोटोत आणून ठेवल्या.

तिच्या डोक्याच्या अगदी वर, त्याच भिंतीवर, आजोबांची तसबीर आहे. आजोबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. एका लग्नातल्या घोळक्यात, तिसऱ्या रांगेत, त्यांचा चेहरा तेवढा होता. स्टुडिओवाल्याने तो चेहरा उचलून मोठा केला आणि खाली रंगाने काळा कोट आणि टाय चढवून दिला. तेव्हा अशीच पद्धत होती. अनेक घरांत असे कोट आहेत. माझ्या धाकट्या भावाची कितीतरी वर्षे अशी समजूत होती, की आजोबा मोठे साहेब असावेत. आजोबांनी आयुष्यभर धोतर नेसले, दुसऱ्याच्या शेतात कामे केली आणि उतारवयात मुलाच्या मागे सुरतेला आले. कोट त्यांनी कधी अंगाला लावला नाही.

त्या दिवशी आजीने तसबिरीकडे बोट करून मला सांगितले, की माझ्यामागे मला कोणी दुसऱ्याचे कपडे घालू नयेत, म्हणून हा फोटो नीट काढ. तेव्हा मला ते हिरवे लुगडे कळले. माझ्या दृष्टीने तो 'पोज' होता. तिच्या दृष्टीने तो बंदोबस्त होता.

मग मी इतरांनी काय केले आहे ते वाचू लागले. फोटोसाठी नीट उभे राहणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी इथे गुजरातेतच, गोध्र्याला, फोटो स्टुडिओ चालवत होते. त्या काळी कॅमेऱ्यासमोर बसणे हा घरातला एक प्रसंगच असे. पुढे ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकाने मध्य प्रदेशातील नागदा या गिरणीच्या गावातल्या स्टुडिओंचा अभ्यास केला. त्याचे 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले. तिथल्या माणसांना आपण आहोत तसे दिसण्यापेक्षा आपण कसे असू शकतो, हे फोटोत पाहायचे असते, असे त्याला आढळले. रंगवलेले पडदे, उसनी मोटारसायकल, जोडलेले फोटो या सगळ्याला तो फसवणूक म्हणत नाही. वाचताना मला आमच्या नात्यातले किती तरी अल्बम आठवले.

पण तेवढ्याने आजोबांच्या कोटाचे कोडे सुटत नव्हते. आजीचे लुगडे आणि आजोबांचा कोट, दोन्ही फोटोसाठीच. मग एक मनाला पटते आणि दुसरे खुपते, ते का?

याचे उत्तर शोधताना नारायण विनायक विरकर या मराठी छायाचित्रकाराचे काम पाहायला मिळाले. १९१९ साली जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर विरकरांनी तिथे जाऊन फोटो काढले. त्यांत काही माणसे भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा दाखवताना दिसतात. ती माणसे आपल्या नादात नाहीत. कॅमेरा आहे हे त्यांना माहीत आहे, आणि आहे म्हणूनच ती तिथे आली आहेत. सरांच्या सूत्राप्रमाणे हा सारा प्रकार ठरवून केलेला. पण त्याला खोटे म्हणायची छाती कोणाची होईल? इथे पाहा, इथे लागल्या, हे सांगण्यासाठी माणूस उभा राहतो, तेव्हा त्याचे उभे राहणे हीच साक्ष असते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. डोरोथिया लँग हिने १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका बाईचा फोटो काढला. हात गालाशी, दोन मुले तिच्या खांद्यांत तोंड लपवून, मांडीवर तान्हे. 'मायग्रंट मदर' या नावाने तो जगभर गेला. त्या मंदीच्या काळाचे सर्वांत खरे चित्र म्हणून आजही तोच दाखवतात. लँगने मात्र त्या बाईला नावसुद्धा विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आपला असा फोटो निघाला नसता तर बरे, असे ती तेव्हा म्हणाली. फोटो खरा, दारिद्र्य खरे. पण त्यातून तिच्या हाती काहीच आले नव्हते, नावही नाही.

नावावरून आठवले. आमच्या शेजारच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. मुंबईच्या रस्त्यांतले, मुलींचे, कामकरी माणसांचे त्यांनी काढलेले सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने. पुढे दिल्लीला त्यांनी सत्तांतराचा सारा काळ टिपला आणि १९७० साली कॅमेरा कायमचा ठेवून दिला. नव्या छायाचित्रकारांची वागणूक त्यांना रुचेनाशी झाली होती. सुमारे चाळीस वर्षांनी, २०११ साली, त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या त्या पहिल्या फोटोंत दिसणारे सारे खरे होते. खाली छापलेले नाव तेवढे दुसऱ्याचे. खरेखोटेपणा चौकटीच्या आतच असतो असे नाही, हे मला तिथे उमगले.

आणि हे शहर तर फोटोवरच माल विकते. रिंगरोडच्या कापड बाजारात साडी नंतर दिसते, आधी तिचा फोटो दिसतो. खोक्यावर फोटो, अल्बममध्ये फोटो, आता मोबाईलवर फोटो. पूर्वी निदान साडी विणून, नेसवून फोटो काढावा लागे. आता छापायची नक्षी संगणकावरच एखाद्या चेहऱ्याच्या अंगावर चढवता येते. अजून जन्माला न आलेली साडी नेसून, कदाचित जन्मालाच न आलेली बाई हसत असते. मागणी आली तर पुढे कापड निघते. आई असा एखादा फोटो हातात घेते, डोळ्यांजवळ नेते आणि विचारते, "यात खडे कोणी लावले?" तिला ते थट्टेने म्हणायचे नसते. किती खडे, किती ओळी, म्हणजे नगामागे किती पैसे, एवढाच तिचा हिशेब असतो. त्या चित्रात लावणारा हात नाही, हे तिला आमच्याआधी दिसते.

वडिलांचेही तसेच. मालकाला विचारून मी त्यांच्या खात्यात एक दिवस फोटो काढले. उंच झरोक्यातून येणारा उजेड, हवेत तरंगणारी कापसाची पूस आणि दोन मागांच्या मधल्या बोळात उभा असलेला एक कामगार. मला तो फोटो फार आवडला होता. रात्री वडिलांनी तो पाहिला. उजेडाविषयी काही बोलले नाहीत. "या मागावर आडवा धागा तुटलाय आणि माग चालूच आहे," ते म्हणाले. "कापडाला डाग पडला असणार. पोराची मजुरी कापली असेल." मग बराच वेळ ते त्या कामगाराच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत राहिले. त्या खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. तो आवाज फोटोत उतरत नाही. पण तो रोज ऐकणाऱ्या माणसाला फोटो पाहताना तो ऐकू येतो, हे मी त्या रात्री पाहिले.

एकच फोटो, त्यात मला उजेड दिसला, वडिलांना डाग. खरे कोणाचे? दोघांचेही. पण ज्याचे पोट त्या मागावर आहे, त्याला विचारल्याशिवाय माझे खरे अर्धेच राहते.

माझी एक मावशी रांदेरला तापीच्या काठाजवळ राहत असे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले, तेव्हा तिचे तळमजल्यावरचे घर बुडाले. पाणी ओसरल्यावर अल्बमची पाने एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. सोडवू जाता चेहरे कागदावरून निघून येत. सात-आठ फोटो कसेबसे वाचले, तेही सगळे वाढदिवसाचे आणि बारशाचे. म्हणजे नटूनथटून, रांगेत उभे राहून काढलेले. मावशी ते दाखवते तेव्हा माणसांवर बोट ठेवत नाही. "ही बघ माझी मांडणी. हा पितळी डबा आईने दिलेला. हे कॅलेंडर." पुरात गेलेले घर तिला त्या फोटोंच्या कोपऱ्यांत सापडते. फोटोवाल्याने त्याकडे लक्षही दिले नसेल. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि रोजचे जगणे मागे, न सांगता, चौकटीत येऊन बसले.

तेव्हा तयारीचा फोटो खोटा आणि बेसावध फोटो खरा, हे सूत्र आमच्या घरापुरते तरी टिकत नाही. आजीचे लुगडे खरे, कारण ते तिने निवडले. आजोबांचा कोट खुपतो. तो कोट खोटा आहे म्हणून तितका नाही, तर त्यांना कोणी विचारले नाही म्हणून. विचारायला ते नव्हतेच. आणि त्याच तसबिरीसमोर आजी रोज उदबत्ती लावते, हेही खरे. कोट तिला दिसत नाही. तिसऱ्या रांगेतून उचलून आणलेला चेहरा दिसतो.

बारा फोटो मी दिले. त्यांत आजीचे दोन होते. एकात ती पुन्हा कात्री घेऊन बसली आहे. हा तिने लुगड्याचा फोटो झाल्यावर, 'आता काढ' म्हणून काढू दिला. दुसरा हिरव्या लुगड्यातला. सरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि वर्गाला विचारले, यातला रोजचा कोणता? त्यावर तासभर वाद झाला. निकाल लागला नाही.

वाचकहो, मी काही मोठी छायाचित्रकार नाही, आणि कॅमेरा आता ज्याच्या-त्याच्या खिशात आहे. रोज इतके फोटो निघतात की ते कोणी पुन्हा पाहत नाही. म्हणून मी एक साधी सवय लावून घेतली आहे. गल्लीत कोणाचा फोटो काढला की तो आधी त्याला दाखवते. नको म्हटले तर पुसून टाकते. आवडला तर त्याची एक छापील प्रत त्याला नेऊन देते. मागच्या बाजूला पेन्सिलने नाव, काम आणि तारीख लिहिते. मराठीत आणि गुजरातीत, कारण आमच्या गल्लीत आईला एक लिपी वाचता येते आणि मुलाला दुसरी. काय काम लिहायचे, हे मात्र ज्याचे त्याने सांगायचे. परवा शेजारच्या काकूंना विचारले, "काय लिहू?" त्या दिवसभर साड्यांचे धागे कापतात. थोडा विचार करून म्हणाल्या, "लिही, गाणे म्हणते."

मी तेच लिहिले.