साडेपाच तास

आमची सांगलीस हळदीची अडत. पोते काट्यावर चढले की बारदानाचे वजन वजा करावयाचे, हे आमच्या घरातील मुलांना पाढ्यांआधी कळते. तरीही माझ्या कन्येने सेवेच्या तासांतून बारदान वजा करावे, याचे मला प्रथम हसूच आले.

ती महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची गटप्रमुख. 1969 साली सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला 120, दोन वर्षांत 240 तास काम करावयाचे, शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. तेव्हा प्रमाणपत्र मिळते. गटाची नोंदवही हिच्याकडे. तारीख, काम, आरंभ, समाप्ती, सही. एस.टी.चा प्रवास ती धरीत नाही, चहाची वेळही नाही. कार्यक्रम अधिकारी सही करण्यापूर्वी पान स्वतः दोनदा ताडून पाहते. आमचे जुने मुनीमजी असेच होते.

फेब्रुवारीअखेर माझ्या पुतण्याचे 222 तास भरले. अठरा कमी. मुलगा आळशी नाही; हंगामात मीच त्याला कैक रविवारी पेढीवर अडकवून ठेवले होते. म्हणून जेवताना मी सहज म्हटले, "अगं, घरचाच मुलगा आहे. अठरा तास मांडून टाक. कोण मोजायला बसले आहे?"

तिने हातातला घास ताटात ठेवला. "अण्णा, शेतकऱ्याच्या पट्टीत अठरा किलो असे कधी मांडलेत का तुम्ही?"

या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर मला तत्काळ देता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते. गादीवर नवा बसलो होतो, तेव्हाची एक पट्टी मला आठवली. वडिलांनी ती पकडली होती आणि मला सायकलवरून त्या शेतकऱ्याच्या गावी फरकाची रक्कम देण्यास पाठविले होते. ही हकीकत मी घरात कोणास सांगितलेली नाही. त्या रात्रीही सांगितली नाही, ताक मागितले.

पुतण्या दोन रविवार कृष्णाकाठी घाटाच्या स्वच्छतेस गेला. सहा आणि सहा तास. तिसरा रविवार मात्र मार्चअखेरचा आला. वर्षाचे हिशेब मिटवावयाचे, पेढीवर माणूस नाही, तो सकाळी दारात घुटमळत उभा. "जा," मी म्हणालो, "मी बघतो." रात्री दहापर्यंत एकट्याने खतावणी उतरवताना त्याची आठवण फारशा प्रेमाने झाली नाही, हेही सांगून टाकतो.

घरी आलो तेव्हा दोघे नोंदवही उघडून बसली होती.

"सुरुवात किती वाजता?"

"नऊ."

"संपले?"

"तीन."

"मध्ये वडापाव?"

तो हसला. तिने साडेपाच लिहिले. एकूण 239.5.

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो महाविद्यालयाच्या आवारातील रोपांना पाणी घालून आला आणि मग पेढीवर बसला.