दोरीच्या आतलं झाड

मध्यंतरी एका सोमवारी ऑफिसात एक मजेशीर भानगड झाली. मजेशीर आज वाटतेय, त्या दिवशी तोंडचं पाणी पळालं होतं. सिस्टीमवर लक्ष ठेवणारं जुनं टूल काढून आम्ही नवं बसवलं होतं. एकदम चकाचक, रंगीत आलेख वगैरे. पण सिस्टीम चार तास रांगत होती आणि अलार्म काही वाजला नाही.

अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. जुनं टूल वेळ मोजायचं ग्राहकाच्या बाजूने, नवं मोजतं सर्व्हरच्या बाजूने. म्हणजे नव्याचे आकडे मुळातच कमी. आणि अलार्मची मर्यादा? ती जुन्या टूलच्या आकड्यांवरून ठरवलेली, तिला कुणी हातच लावला नव्हता.

"मग कुठलं टूल चुकीचं?" मॅनेजरने विचारलं. कुठलंच नाही, असं सांगता सांगता मला एकदम आमचं सोयाबीनचं रान आठवलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, केजच्या बाजूला. दिवाळीच्या थोडं आधी मी सुट्टी काढून गेलो होतो. नेमका त्याच दिवशी आमच्या शेतात पीक कापणी प्रयोग होता. शहरातल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. पीक विम्याची भरपाई बहुतेक वेळा तुमच्या एकट्याच्या शेतावर ठरत नाही, अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. मंडळात कितीही गावं असोत, एका पिकासाठी किमान १० प्रयोग. शेत कुठलं आणि शेतात चौकोन कुठे आखायचा हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं, म्हणजे कुणाला चांगला किंवा वाईट तुकडा निवडता येऊ नये म्हणून. चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, झोडपायचं, वजन करायचं. त्या दहा वजनांवर हजारो खातेदारांचे पैसे.

तर आमच्या रानात दहा बाय पाच मीटरची दोरी टाकली. कृषी सहायक होते, विमा कंपनीचा एक पोरगा होता (लातूरकडचा, त्याच्याही घरी सोयाबीनच), आण्णा होते, तात्या होते आणि शेजारपाजारचे सात-आठ जण. दोरीचं एक टोक माझ्या हातात. इंजिनियर माणूस, सरळ धरील असा सगळ्यांचा समज!

एका कडेला एक झाड बरोबर दोरीवर आलं. नियम सोपा आहे, मूळ आत तर झाड आत. पण खोडच दोरीखाली असेल तर? कंपनीचा पोरगा म्हणाला, "आत आहे सर." आण्णा म्हणाले, "आत कुठं, हे काय भाईर दिसतंय की." दोघंही मनापासून बोलत होते. दोघंही आपापल्या बाजूला उभे राहून बघत होते, एवढंच. तात्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी दोरी जरा ताणली. सरळ करायला ताणली, असं मी स्वतःला सांगितलं. झाड बाहेर गेलं.

रात्री झोप येईना. एका झाडाने काय होतंय, असं म्हणून सोडून द्यायला गेलो आणि गणितच घालून बसलो. समजा, चौकोनाच्या चारी कडांना फक्त ५ सेंटीमीटरची पट्टी चुकून आत घेतली. दहा बाय पाचच्या चौकोनाचं क्षेत्र ५० चौरस मीटरचं साडेएक्कावन्न होतं, म्हणजे ३ टक्के चूक. तेच एक बाय एकचा चौकोन असता तर १ चं १.२१ झालं असतं. २१ टक्के! हात तोच, दोरी तीच, पण तुकडा लहान म्हणून कड जास्त आणि कड जास्त म्हणून चूक जास्त.

हा शोध माझा नाही, बरं का. आपल्या एका मराठी माणसाने ८० वर्षांपूर्वी तो जगाला दाखवून दिलाय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुण्यात फर्ग्युसनला शिकलेले. त्या काळी प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये अगदी छोटे तुकडे कापून पिकाचा अंदाज काढत. तुकडा छोटा की काम स्वस्त आणि झटपट, त्यामुळे जास्त ठिकाणी कापता येतं. युक्तिवाद बिनतोड वाटतो ना? सुखात्म्यांनी एकाच पिकात वेगवेगळ्या मापाचे तुकडे कापून बघितले. तुकडा जितका छोटा, तितकं हेक्टरी उत्पन्न जास्त. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी ते छापलं. कारण साधंच, काठावरच्या रोपांबाबत शंका आली की कापणाऱ्याचा हात ते रोप आत घ्यायला बघतो. (आमच्या शेतात उलटं झालं, कारण हात आमचा होता.)

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. छोटे तुकडे शंभर कापा नाहीतर हजार. आकडे एकमेकांशी झकास जुळतील, सरासरी स्थिर येईल, आणि तरी ती चुकीचीच असेल. आकडे एकमेकांशी जुळतात यावरून फक्त एवढंच कळतं, की पद्धत स्वतःशी प्रामाणिक आहे. ती खऱ्याशी प्रामाणिक आहे का, हे दुसऱ्या पद्धतीने मोजल्याशिवाय कळत नाही.

हे दुखणं नुसतं शेतीचं नाही. मानसशास्त्रात दोन डॉक्टरांचं निदान जुळलं की निदान पक्कं असं मानायचे. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये विचारलं, त्यातलं नुसत्या योगायोगाने किती जुळलं असतं ते आधी वजा करा की. आमच्याकडची नजर पैसेवारी घ्या. समजा दोन माणसं शेत न बघताच शंभरपैकी नव्वद गावांना '५० पैशांच्या आत' लिहीत सुटली, तरी ८२ गावांत त्यांचं एकमत होईल. आपण म्हणू, वा, काय एकवाक्यता!

आणि वैद्यकशास्त्रात ब्लँड आणि आल्टमन. या दोघांचा १९८६ चा 'लॅन्सेट'मधला लेख प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने वाचावा असा आहे. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायची दोन यंत्रं, एक मोठं, एक छोटं. दोघांचे आकडे बरोबर चढतात आणि उतरतात, मग एकाऐवजी दुसरं वापरायला काय हरकत आहे? हरकत आहे. जो काटा कायम दुप्पट वजन दाखवतो, तोही खऱ्या काट्याबरोबर तंतोतंत चढतो-उतरतो! म्हणून त्यांनी सांगितलं, तीच माणसं दोन्ही यंत्रांवर मोजा, प्रत्येक वेळी किती फरक पडतो ते लिहा, आणि तो फरक परवडणारा आहे का ते बघा. इतकं साधं.

आता परत आमच्या रानात या. पीक विम्यात 'उंबरठा उत्पन्न' नावाची मर्यादा असते. मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ती काढतात आणि आपल्याकडे जोखीम स्तर ७० टक्के. समजा उंबरठा १०५० किलो आणि यंदाचं उत्पन्न ९०० किलो. भरपाई मिळणार. आता समजा दोरीची पद्धत १० टक्के जास्त दाखवते. तर उंबरठाही ११५५ होतो आणि यंदाचं ९९०. तूट टक्क्यांत तेवढीच! म्हणजे दरवर्षी सारखीच होणारी चूक शेतकऱ्याला बुडवत नाही. बुडवते ती मधेच बदललेली चूक. मर्यादा जुन्या मापाची १०५० आणि यंदाचं माप २० टक्के जास्त दाखवणारं, तर ९०० चे १०८० झाले. भरपाई शून्य. आणि कुणी लबाडी केलेली नाही!

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. उपग्रहाची छायाचित्रं आणि संगणकाची मॉडेलं आता या मोजणीत आली आहेत. भात आणि गव्हाच्या अंदाजात २०२३ पासून त्यांना ३० टक्के वजन आहे, २०२४ च्या खरिपापासून यादीत सोयाबीनही आलं. उपग्रहाला तात्यांकडे बघून दोरी ताणायचा मोह होत नाही, हे मला आता फारच पटतं. मी स्वतः ते रान वरून बघणाऱ्या यंत्राच्याच बाजूचा आहे, पोटापाण्यालाही आणि मनानेही. पण उंबरठ्यातली मागची वर्षं दोरीने मोजलेली आहेत. प्रश्न उपग्रह हुशार की दोरी, हा नाहीच. एकाच शेतात दोघांत किती फरक पडतो, ओल्या वर्षी किती आणि कोरड्या वर्षी किती, हे प्रत्येक मंडळात मोजून मगच उंबरठा नव्या मापात आणावा लागेल.

ऑफिसात आम्ही तेच केलं. दोन आठवडे दोन्ही टूल शेजारी शेजारी चालवली, फरक लिहिला, मर्यादा बदलली. संपलं. आमचं चुकलं तर एखादा ग्राहक चिडतो. तिकडे चुकलं तर पोरीच्या कॉलेजची फी राहते.

शनिवारी आण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. ब्लँड-आल्टमन वगैरे नाव न घेता. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंग त्यात नवीन काय हाये? खोलीतली भिंत बघितली न्हाईस का?"

बघितली होती, पण लक्ष दिलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा आणला, तेव्हा जुना काटा लगेच टाकला नव्हता. सोयाबीनचे दहा कट्टे दोन्ही काट्यांवर चढवले आणि खडूने भिंतीवर दोन रांगा लिहिल्या, शेजारी प्रत्येकाचा फरक. अजून आहेत.

"आन् ते झाड," आण्णा थोड्या वेळाने म्हणाले, "आतच होतं बघ."

मी हो म्हणालो.