पाटे वाढवायचे म्हणजे...

आमच्या पोशीरला दिवाळी सरली आणि शेतं वाळली की वीटभट्ट्या सुरू होतात. मग नेरळ-कळंब रस्त्यावर पिकअपची ये-जा वाढते. विटा, रेती, खडी, पेंढा, जे मिळेल ते. माझा एक जुना विद्यार्थी अशीच पिकअप चालवतो. परवा आला आणि म्हणाला, "सर, मागचे पाटे वाढवतोय. दोन्हीकडे दोन-दोन टाकतो. मग गाडी बसणार नाही."

मी मराठी शिकवणारा मास्तर. पाट्यांचं मला काय कळणार? पण कुतूहल जात नाही. त्याच्याबरोबर पाटेवाल्याकडे गेलो आणि स्टुलावर बसून तासभर बघत राहिलो.

मंडळी, गाडीखाली ते एकावर एक रचलेले कमानदार पोलादी पट्टे असतात ना, तेच पाटे. सगळ्यात वरचा लांब, त्याच्या दोन्ही टोकांना कान. खाली एकेक आखूड होत जातो. मधोमध बोल्ट, आणि यू-बोल्टने सगळा जुडगा आसाला आवळलेला. मला प्रश्न पडला, इतके पातळ पट्टे कशाला? एकच जाड का नको? उत्तर फूटपट्टीत आहे. दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून वाकवल्या तर दुप्पट जोर लागतो. त्याच दोन्ही चिकटवून एक केल्या तर आठपट! म्हणजे एकच जाड पाटा लवणारच नाही, मोडेल. पातळ पट्टे लवतात, एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच धक्का जिरतो. किती सोपी आणि हुशार गोष्ट आहे!

उतरलेल्या पाट्याला घण मारून पुन्हा कमान देतात. पोलाद भलतंच तापवलं तर त्याचं पाणी उतरतं, असं पाटेवाला म्हणाला. पोलादाला 'पाणी देणं' हा आपल्या भाषेतला फार सुंदर शब्दप्रयोग. वर्गात इतकी वर्षं वापरला, प्रत्यक्ष आत्ता पाहिला. असो.

काही गाड्यांना वर एक वेगळा जुडगा असतो, हेल्पर पाटा. गाडी मोकळी असताना तो नुसता बसून असतो, ओझं वाढून गाडी खाली आली की टेकतो आणि भार घेतो. आम्हा कर्जतकरांना हे समजावून सांगायला नको. बोरघाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, तोच प्रकार.

आता मूळ मुद्दा. एक वीट तीन किलोची धरली तर दीड टनाच्या पिकअपमध्ये पाचशे विटा झाल्या. हा नेतो साडेसातशे, म्हणजे सव्वादोन टन. वर हौद्यात उतरवणारे चार जण बसतात, बहुतेक कातकरी पोरं. पाटे वाढवले की गाडी बसत नाही हे खरं. पण ब्रेक तेच, टायर तेच, आस तोच, बेअरिंग तेच. मी त्याला एवढंच विचारलं, "बसत नाही रे, पण थांबते का?"

तो हसला. मग म्हणाला, "सर, पैसे हजार विटांवर मिळतात. पाचशे नेल्या तर डिझेल जाऊन हप्त्याला काय उरतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी किती सोसेल हे बनवणारा ठरवतो, भाडं भट्टीवाला ठरवतो, आणि या दोघांच्या मधली तफावत हा पोरगा चार पाट्यांनी भरू बघतो.

कायदा काय म्हणतो तेही वाचलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बनवणाऱ्याने ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, सरकारने मोठ्या ट्रकच्या चार टायरच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ केली. रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते असं इंजिनिअर लोक मानतात. हिशेब करून पाहा, दीडपटीहून जास्त येते! पावसाळ्यानंतर आमच्या रस्त्याकडे बघितलं की चौथा घात वेगळा शिकवावा लागत नाही.

जादा पाट्यांचा आणखी एक त्रास पाटेवाल्यानेच सांगितला. मोकळी गाडी शेपूट वर करून चालते, दिव्यांचा झोत पायाशी पडतो आणि खड्ड्यात मागची चाकं उडतात. परतीची खेप तर नेहमी मोकळीच. त्याचा धंदा पाटे विकायचा, तरी हे बोलला.

शेवटी तुटलेला एक पाटा मूळ मापाचा नवा घातला, बुश आणि यू-बोल्ट बदलले, ब्रेकचे लायनर टाकले. जादा पाटे सध्या तरी राहिले. भट्टीवाल्याशी भाड्याचं बोलायला मी येऊ का, असं विचारलं. "तुम्ही नका येऊ सर," म्हणाला, "तुमच्यासमोर तो हो म्हणेल आणि उद्यापासून दुसरी गाडी बोलावेल."

काल रस्त्यात दिसला. विटा साडेपाचशेच्या आसपास असाव्यात, मी काही मोजल्या नाहीत. पोरं मात्र वरच बसली होती.