तेहतीस दिवस

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. आमच्या गावात ज्यातला एकही माणूस बाहेर नाही असे घर शोधून सापडायचे नाही. आजोबांची पिढी बोटीवर खलाशी म्हणून गेली, त्यानंतरची कुवेत, मस्कत, सौदीला. आम्ही दोघे नवराबायको लंडनला येऊन पडलो ते नात्याच्या आधाराने. सासरे मरहूम बोटीवरून उतरून इकडच्या कारखान्यात लागले होते, त्यांची लेक इथेच वाढली, आणि तिच्याशी निकाह झाल्यावर आमचेही अन्नपाणी इथले झाले.

सासऱ्यांच्या पासपोर्टात कायमच्या वास्तव्याचा शिक्का कधी नव्हताच. ब्रिटनचा १९७१ चा इमिग्रेशन कायदा १ जानेवारी १९७३ ला अमलात आला, आणि त्या दिवशी राष्ट्रकुलातले जे लोक इथे स्थायिक होते त्यांचा राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. मधली दोन वर्षे तुम्ही बोटीवर होता की गावी होता, हे त्यांना कोणी विचारले नाही. कागद न मिळालेल्या याच पिढीतल्या कित्येकांना चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ‘पुरावा दाखवा’ म्हटले गेले आणि २०१८ मध्ये त्यातून ‘विंडरश’ प्रकरण उभे राहिले; पण सासरे तोवर अल्लाला प्यारे झाले होते. कागदाचे महत्त्व आम्हाला कळले ते भाच्यामुळे. आणि खरे सांगायचे तर आमच्या हातून त्याचे जे नुकसान झाले त्यामुळे.

भाचा म्हणजे आमच्या बुबूचा थोरला. सप्टेंबर २००६ मध्ये विद्यार्थी म्हणून आला. घरात हुशार तोच. बुबूने दागिने मोडून पहिल्या वर्षाची फी भरली होती. तो बर्मिंगहॅमला राहायचा, ईदला आमच्याकडे यायचा, आणि मामीच्या हातची सांदणं खाऊन परत जायचा. एक अभ्यासक्रम झाला, दुसरा सुरू झाला, मध्ये काम, मग पुन्हा शिक्षण. कामाच्या परवान्यावर सलग पाच वर्षे काढली की कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा, अर्ज करता येत असे. भाच्याची वर्षे तुकड्यातुकड्यांची होती, त्यामुळे तो रस्ता त्याला बंद होता. त्याला उरला दहा वर्षांचा रस्ता. २००३ मध्ये तो नियमांत लिहिला गेला, आणि तेव्हा अट अशी होती: कोणत्याही परवान्यावर का होईना, दहा वर्षे कायदेशीर आणि सलग राहा, मग अर्ज करा. ‘सलग’ हा शब्द आम्ही तेव्हा नीट वाचला नव्हता.

त्याचा परवाना ३१ जानेवारी २०१३ ला संपणार होता. तेव्हा अर्ज टपालाने जात. फॉर्मच्या एका पानावर फीसाठी बँकेच्या कार्डाचा नंबर लिहायचा आणि सही करायची. भाच्याच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून नंबर आमच्या कार्डाचा लिहिला. पत्ताही आमचाच दिला, कारण त्याची भाड्याची खोली दर वर्षी बदलायची. यात वावगे काय? मामूच्या घरचा पत्ता म्हणजे पक्का पत्ता.

जानेवारीच्या मध्यावर गावाहून फोन आला की आईची तब्येत बिघडली आहे. आम्ही त्याच कार्डावर दोघांची तिकिटे काढली, दवाखान्यासाठी पैसे पाठवले, आणि निघालो. फॉर्मवर लिहिलेला नंबर त्या गडबडीत डोक्यातून साफ गेला. २२ जानेवारीला आई गेली. आम्ही चाळीसाव्यापर्यंत थांबलो. चाळीसावा करावा की करू नये यावर हल्ली गावात वाद होतात, आम्ही त्यात पडत नाही. आई गेली होती आणि तिचे घर सोडून उठणे जड जात होते, एवढेच.

५ मार्चला लंडनला परतलो. दार उघडले तर पायपुसण्यावर पत्रांचा ढीग, त्यात एक जाड पाकीट. भाच्याचा अख्खा अर्ज पासपोर्टसकट परत आला होता. सोबत एक कागद: फी वसूल होऊ शकली नाही, अर्ज अवैध. त्यावरची तारीख फेब्रुवारीच्या मध्याची होती. तिकडे बर्मिंगहॅमला भाचा समजत होता की अर्ज विचाराधीन आहे.

कायद्याची गोष्ट अशी की, मुदतीच्या आत केलेला अर्ज वैध असेल तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना आपोआप पुढे चालतो. १९७१ च्या कायद्यातले ३ सी कलम ते हेच. महिने गेले तरी माणूस कायदेशीरच राहतो. पण फी जमा झाली नाही, तर अर्ज केलाच नाही असे धरतात. म्हणजे ३१ जानेवारीच्या रात्री भाच्याचा परवाना संपला आणि त्यानंतर तो बिनपरवाना राहत होता, स्वतःला नकळत. त्या काळी आणखी एक सवलत होती. मुदत संपल्यापासून २८ दिवसांच्या आत नवा अर्ज केला, तर तेवढा उशीर माफ. त्या हिशेबाने २८ फेब्रुवारीपर्यंत वेळ होता. आम्ही पाकीट उघडले तो तेहतिसावा दिवस होता.

वकिलाकडे गेलो. माणूस सभ्य होता. त्याने आमच्यापुढे एक निकाल ठेवला. २०१२ मध्ये बसनेत नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात वरिष्ठ न्यायाधिकरणाने म्हटले होते की फॉर्मवर कार्डाचा तपशील बरोबर दिला असेल, तर फी का वसूल झाली नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्या खात्यावर येते. आम्हाला हुरूप आला. मग त्याने शांतपणे विचारले, “त्या आठवड्यात तुमच्या खात्यात पैसे होते?” बँकेचे स्टेटमेंट आमच्या हातातच होते. विमानाची तिकिटे, दवाखान्याला पाठवलेले पैसे, आणि खाली शिल्लक. तीही वाचायला लाज वाटावी इतकी. दोष द्यायला दुसरे कोणी नव्हतेच.

वकिलाचा सल्ला असा की पोराने आपणहून देश सोडावा, आणि तोही नव्वद दिवसांच्या आत. त्याहून जास्त दिवस बिनपरवाना राहून गेला तर त्या वेळच्या नियमाने पुढे वर्षभर येण्यास बंदी होती. मार्चअखेर भाचा गेला. मुंबईतून नव्याने व्हिसा काढून सप्टेंबर २०१३ मध्ये परत आला. आम्हाला वाटले, चला, सहा महिने वाया गेले, एवढ्यावर निभावले. पण तसे नव्हते. परदेशी जाताना हातात चालू परवाना असेल आणि ठरलेल्या मुदतीत परवान्यानिशी परत आलात, तरच सलगता टिकते. तो गेला तेव्हा हातात परवाना नव्हता. म्हणून २००६ पासूनची साडेसहा वर्षे मोजणीतून गेली. दहा वर्षे पुन्हा एकपासून. २०१६ मध्ये जे मिळायचे ते आता २०२३ मध्ये.

हे बुबूला फोनवर समजावून सांगायचे काम आमच्यावर आले. कलमे सांगून काय उपयोग! आम्ही अडखळत बोलत होतो, तर तीच म्हणाली, “म्हणजे कफ्फाऱ्याच्या रोज्यांसारखं. साठ सलग धरायचे, मधी एक चुकला की परत पहिल्यापासनं.” अगदी तेच. मग थोडे थांबून म्हणाली, “पण तिथं बाईमाणसाच्या अडचणीचे दिवस माफ असतात रे. इकडं मयतीचे दिवस माफ नाहीत?” तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

नियम पुढे बदलत गेले. २४ नोव्हेंबर २०१६ पासून २८ दिवसांची सवलत गेली आणि १४ दिवसांची आली, तीही उशिराचे कारण अर्जदाराच्या आणि त्याच्या वकिलाच्या हाताबाहेरचे असेल तरच. ऑक्टोबर २०२० मध्ये होक यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने एक भेद केला. दोन परवान्यांच्या मध्ये पडलेला आणि नियमानेच माफ असलेला जुना खंड दहा वर्षांची सलगता मोडत नाही. शेवटच्या परवान्यानंतर उघडाच राहिलेला खंड मात्र मोडतो. कितीतरी घरांना त्या निकालाने हायसे वाटले असेल. आम्हीही तो पुन्हा पुन्हा वाचून घेतला, जणू २८ च्या जागी कुठेतरी ३३ छापलेले सापडेल.

आखातातल्या आमच्या भावांना ही भानगड सांगितली की ते हसतात. तिथे तीस वर्षे राहिलात तरी इकामा संपला की घरी या. कोणी काही मोजतच नाही, मग खंड पडायचा कशाला! आणि गावी पाहावे तर अर्ध्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहिली. अशी आमची माणसे, आणि त्यांच्या पोरांचे आयुष्य दिवसांवर येऊन ठेपलेले.

परत आल्यावर भाच्याने एक वही केली. देशाबाहेर गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, एकूण दिवस. दहा वर्षांत सगळे मिळून ५४० दिवसांहून जास्त बाहेर राहायचे नाही, ही अट तेव्हा होती. ती पुढे एप्रिल २०२४ मध्ये बदलली. तो मात्र ५४० च्या जवळपासही गेला नाही. बहिणीच्या लग्नाला नऊ दिवस गेला. वडिलांच्या ऑपरेशनला सहा. परवाना संपायच्या दोन महिने आधी त्याचा अर्ज तयार असे, फी स्वतःच्या कार्डावर, पत्ता स्वतःचा. आम्ही पैसे देऊ केले की म्हणायचा, “नको मामू, राहू द्या.” त्याच्या मनात काही नसावे, पण आम्हाला ते लागायचे.

मग २०२१ आले. त्याचा मुदतवाढीचा अर्ज एप्रिलमध्ये गेला होता, जुना परवाना संपला होता, तो ३ सी कलमाच्या आधारावर होता. त्या आधाराची एक मेख आहे. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की अर्ज मागे घेतला असे धरतात, आणि आधार तिथेच संपतो. त्यात २३ एप्रिलपासून ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकले होते. मे महिन्यात बुबूला कोरोना झाला.

त्याचा रात्री फोन आला. “मामू, जाऊ का?”

या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो आहोत, पण त्या रात्री आम्ही दोघांनी दोन उत्तरे दिली. एकाने सांगितले, जा, आई एकदाच असते. एकाने सांगितले, आठ वर्षे झाली, आणखी अडीच राहिलीत, थांब. कोणी काय म्हटले ते लिहिणार नाही. आमच्या घरात त्यावर पुन्हा बोलणे झालेले नाही.

निर्णय बुबूनेच केला. दवाखान्यातून धाप लागलेल्या आवाजात तिने पोराला निरोप पाठवला, “येऊ नको. परत एकपासनं मोजायला लागशील.” चार दिवसांनी ती गेली. चुलतभावाने फोन वर धरला आणि भाच्याने बर्मिंगहॅमच्या खोलीतून दफन पाहिले. खाडीवरच्या वाऱ्याने आवाज नीट येत नव्हता. फातिहा त्याने इकडे एकट्याने पढला.

सप्टेंबर २०२३ मध्ये दहा वर्षे पुरी झाली. ऑक्टोबरमध्ये फी २,८८५ पौंड झाली, त्याच्या आत त्याने अर्ज केला, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मंजुरी आली. त्याने आम्हाला फोन केला तेव्हा आवाजात आनंद शोधावा लागत होता. आम्ही मुबारकबाद दिली. मामीने शेजाऱ्यांना मिठाई वाटली.

गावातली पोरे आताही येतात, शिकायला, दवाखान्यांत कामाला. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाच वर्षांचा नेहमीचा रस्ताही दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा गावाहून आम्हाला धडाधड फोन आले. आम्ही वकील नाही. आम्ही एवढेच सांगतो: अर्ज वेळेआधी करा, फी जमा झाल्याचा कागद हातात येईपर्यंत झोपू नका, आणि पत्ता मामूचा देऊ नका. लोकांना वाटते आम्ही चेष्टा करतो.

भाचा मार्च २०२४ मध्ये गावी जाऊन आला, एकवीस दिवस. बुबूच्या कबरीजवळ बराच वेळ बसला, असे धाकट्याने सांगितले. परतल्यावर ईदला घरी आला तेव्हा खिशातून वही काढून तारखा लिहीत होता. मामी म्हणाली, “आता कशाला रे?” तर म्हणाला, “मामी, नागरिकत्वाला पाच वर्षांत ४५० दिवस चालतात, आणि शेवटच्या वर्षात ९०.” आणि एकवीस लिहून त्याने खाली बेरीज केली.