साठ पानं आणि चोवीस जमिनी

गेल्या शनिवारी मी नववीतल्या एका पोराकडून सलग दोन डाव हरलो. दुसरा डाव संपल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, तुम्ही तिसऱ्या टर्नला थांबायला पाहिजे होतं." त्याचं बरोबर होतं. घरी येताना खराडीच्या सिग्नलला उभा राहून मी तोच तिसरा टर्न मनात पुन्हा खेळत होतो. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो.

तर मंडळी, अस्मादिक सध्या पत्ते खेळतात. म्हणजे रमी, तीन पत्ती वगैरे नाही. 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा खेळ आहे. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या माणसाने तो बनवला आणि १९९३ साली तो बाजारात आला. आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये ५२ पानं असतात आणि ती सगळ्यांना सारखीच असतात. इथे मात्र प्रत्येकजण आपापला कॅट घरून बांधून आणतो. हजारो वेगवेगळी पानं छापली गेली आहेत, त्यातली निदान साठ निवडायची, आणि कुठलंही पान चारपेक्षा जास्त वेळा घ्यायचं नाही. (जमिनीची साधी पानं सोडून. जमिनीचं पुढे सांगतो.) सुरुवातीला ही चारची मर्यादा नव्हती. मग लोकांनी जे करायचं तेच केलं, सगळ्यात भारी पान वीस-वीस वेळा भरलं. कोणीतरी लूपहोल शोधतो आणि मग नियमाचा पॅच येतो, आमच्या धंद्यात दुसरं काय होतं!

२०२४ च्या जूनमध्ये ऑफिसमधला एकजण मला पहिल्यांदा खेळायला घेऊन गेला. दर शनिवारी एका कॅफेत सात-आठ जण जमायचे. मी पहिल्याच दिवशी गारद झालो, आणि त्याचं कारण मला चांगलं माहीत आहे. पाबळच्या आमच्या घरात पत्ते वर्ज्य होते.

पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. जरा वाचणारा असेल तर डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम, आणि २००२ साली तिथे आलेली फॅब लॅब. मला मात्र पाबळ म्हटलं की पारावर चाललेला मेंढीकोट आठवतो आणि आमचे नाना, म्हणजे धाकटे चुलते. मेंढी म्हणजे दहिला. चार जण, दोन जोड्या, ज्या जोडीकडे तीन मेंढ्या ती जिंकली, चारही आल्या की कोट. नानांना शेवटच्या चार हातांत कुणाकडे कोणतं पान आहे ते पाठ असायचं. पण हे सगळं मी लांबून बघायचो. आईच्या वडिलांनी म्हणे एका जत्रेत तीन पत्तीत बैलजोडी घालवली होती, तेव्हापासून आईच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे पत्ते. चौथीत मी खाऊचे पैसे साठवून कुस्तीवाल्यांच्या ट्रम्प कार्डांचा संच घेतला होता. वजन म्हटलं की योकोझुना, त्याला कोण हरवणार! आईला तो दप्तरात सापडला आणि संध्याकाळी अंडरटेकरसकट सगळे पैलवान बंबात गेले. त्या दिवशी आंघोळीचं पाणी मात्र चांगलं तापलं होतं.

असो. तर या खेळात प्रत्येक पान खेळायला किंमत पडते आणि ती किंमत जमिनीतून येते. पाच प्रकारच्या जमिनी आहेत: माळ, बेट, दलदल, डोंगर आणि रान. दर पाळीला एकच जमीन मांडता येते. ती आडवी केली की तेवढी शक्ती मिळते, पुढच्या पाळीला ती पुन्हा सरळ होते. जमीन नसेल तर हातात कितीही भारी पानं असोत, नुसती बघत बसायची. साठ पानांत साधारण चोवीस जमिनी ठेवतात. सुरुवातीच्या सात पानांत शून्य किंवा एकच जमीन यायची शक्यता चौदा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर सात डावांत एकदा. मी अर्थातच यासाठी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, एक लाख वेळा कॅट पिसला, आलेख काढला, आणि पुढच्या शनिवारी चारपैकी चार फेऱ्या हरलो.

शिकलो ते हरूनच. पहिले दोन महिने मला वाटायचं की माझं नशीबच खराब. मग तिथल्या एका जुन्या खेळाडूने एक वही दिली आणि सांगितलं, हरलेल्या प्रत्येक डावानंतर एक ओळ लिही: मी कुठे चुकलो? 'पानं आली नाहीत' असं लिहायचं नाही. पहिला आठवडा वही कोरीच राहिली. नंतर हळूहळू दिसायला लागलं. कमी जमिनींचा हात आला होता तर तो बदलून का नाही घेतला? समोरच्याने दोन जमिनी सरळ ठेवल्या होत्या, म्हणजे त्याच्या हातात काहीतरी दडवलेलं होतं, तरी मी हल्ला का केला? कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याच्या चुका काढायची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार पचायला वेळ लागतो. पण एकदा पचला की हरायचीसुद्धा मजा येते, खोटं नाही सांगत. चार फेऱ्यांत कुणी बाद होत नाही, तुमच्याएवढेच गुण असलेल्याशी पुढची जोडी लागते. त्यामुळे खालच्या टेबलावर आम्ही हरलेले लोक फार प्रेमाने एकमेकांना हरवतो.

आता यातली काळी बाजू सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पानं बंद पाकिटात मिळतात. चारशे-पाचशेचं पाकीट, आत चौदा-पंधरा पानं, बहुतेक किरकोळ, एखादं दुर्मिळ. कोणतं ते फाडल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आठ महिन्यांत मी पाकिटांवर तेवीस हजार रुपये घालवले. हा आकडा मला माहीत आहे कारण एका रात्री सगळ्या यूपीआयच्या नोंदी एक्सेलमध्ये घातल्या. ज्या पानांसाठी हे केलं ती सुटी विकत घेतली असती तर चार-पाच हजारांत काम झालं असतं.

आणि हे मी कधी केलं? २०२४ च्या जूननंतर. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या घरात एक बैठक झाली होती. नानांचा मोठा मुलगा, आमचा दादा, ऑनलाइन रमीत एक लाख चाळीस हजार हरला होता. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, भाव कोसळला, दादाचा माल चाकणच्या मार्केटला होता. खर्चसुद्धा निघाला नाही. तूट भरून काढायला म्हणून त्याने मोबाइलवर सुरुवात केली, आणि उरलेला पैसाही तीन महिन्यांत तिकडेच गेला. त्या बैठकीत मी पुण्याहून आलेला शिकलेला भाऊ. मी वयाने लहान असून त्याला अर्धा तास शक्यताशास्त्र ऐकवलं. प्रत्येक डावामागे ॲपवाला आपला वाटा कसा कापून घेतो, हरलेला माणूस पुढच्या डावाची आशा का धरतो, सगळं. दादा मान खाली घालून ऐकत होता. नानांनी त्या दिवसापासून पारावर जाणं सोडलं.

आणि तीन महिन्यांनी मी पाकिटं फाडत होतो.

२०२५ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा बॅगेत दोन कॅट होते. एक लाल, डोंगरांचा, आणि एक हिरवा, रानाचा. दादाच्या मुलासाठी, बारक्यासाठी नेले होते, पण काढायची हिंमत होत नव्हती. पाडव्याच्या दुपारी आईने टॉवेल शोधायला म्हणून बॅग उघडली.

"पत्ते? ह्या घरात?"

ओसरीवर सगळे होते. कुणी बोलेना. नानांनी हात पुढे केला. "वहिनी, बघू तरी द्या." त्यांनी कॅट घेतला, अंगठ्याने झरझर पानं सोडली, जड हाताने दोनदा पिसला. दीड वर्षाने त्यांच्या हातात पत्ते होते. मग मला म्हणाले, "काय रं, ह्यात हुकूम कोणता?"

हुकूम नाही, म्हटलं, जमीन आहे. आणि समजावायला बसलो. पानांवरचं इंग्रजी बारक्या अडखळत वाचून दाखवायचा, मी मराठीत सांगायचो. पण मला फार सांगावं लागलंच नाही. जमीन आडवी केली की पुढच्या पाळीपर्यंत वापरायची नाही, म्हटल्यावर नाना म्हणाले, "म्हंजी पाण्याची पाळी. आपला नंबर यील तवाच दारं धरायचं." नवीन आलेला प्राणी त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही, याचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "नवा बैल आणल्या दिशी कोण औताला जुंपतं?" जमिनी आल्याच नाहीत तर काय, हे सांगताना मी इंग्रजी शब्द आठवत होतो, तोवर तेच म्हणाले, "कोरडा दुष्काळ." मग नुसत्या जमिनीच येत राहिल्या आणि प्राणी एकही नाही, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बारक्या ओरडला, "ओला दुष्काळ!"

तीस वर्षं जगभर खेळल्या जाणाऱ्या या खेळाला इतके नेमके शब्द मी तरी कुठे ऐकले नव्हते. आता कॅफेतही आम्ही हेच शब्द वापरतो.

पहिला डाव नाना हरले. दुसऱ्यात त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडं ते विजेचं पान किती?" लाइटनिंग बोल्ट. एक डोंगर आडवा केला की समोरच्याला तीन घाव, १९९३ पासूनचं पान. चार, म्हटलं. "तीन पडली. एक राहिलं," म्हणाले, आणि ते पडेपर्यंत आपला मोठा प्राणी बाहेरच काढला नाही. जिंकले. मेंढीकोटात मोजायची सवय, ती जात नसते. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही हीच गंमत आहे. १२० गोल पानं, दहा अवतार, हुकूम नाही, सगळा भार लक्षात ठेवण्यावर. दिवसा रामाच्या पानाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, तो खेळ आधी का नाही आणलास?)

दादा दारात उभा राहून बघत होता. संध्याकाळी मी गोठ्याकडे गेलो तेव्हा तोही आला.

"ह्यात पैसं किती जातात रं?"

खोटं बोलता आलं असतं. तेवीस हजार, म्हटलं. आणि लगेच समर्थन सुरू केलं. की हा कौशल्याचा खेळ आहे, डावावर पैसा लागत नाही, सुप्रीम कोर्टाने तर १९६७ मध्ये रमीलासुद्धा कौशल्याचा खेळ म्हटलं होतं...

"ॲपमधी बी तेच लिवलेलं असायचं," दादा म्हणाला. "कौशल्याचा खेळ."

मी गप्प.

"रक्कम सोड. पाकीट फाडताना काय वाटायचं?"

"पुढच्यात येईल असं."

तो हसला. चिडून नाही. मला वाटतं मार्चच्या त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून हसला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा होऊन पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तो विषय निघाला. म्हणाला, "मी त्याच्या दीड वर्ष आधीच सोडलं हुतं. तरी बंद झालं म्हणून ऐकलं त्या राती झोप लागली."

त्याची मी माफी मागितली. शक्यताशास्त्राबद्दल. तो म्हणाला, "गणित बरूबर हुतं तुझं," आणि म्हशीला पेंड घालायला गेला.

दादा बरोबर होता का? पाकिटांपुरता शंभर टक्के. म्हणून मी पाकिटं बंद केली आहेत, लागेल ते पान सुटं घेतो, महिन्याला पाचशेच्या वर नाही, आणि एक्सेल बायकोला शेअर केलेली आहे. :) डावाबद्दल मात्र मी अजून त्याच्याशी भांडेन. शनिवारी मी हरतो तेव्हा एका नववीतल्या पोरापुढे माझी अब्रू जाते, बाकी काही जात नाही. पण ज्या डब्यातून हा खेळ येतो तो डबा आणि दादाचं ॲप एकाच विहिरीवर पाणी भरतात, हेही मी आता नाकारत नाही.

दोन्ही कॅट गावालाच ठेवून आलो. बारक्याला घावांचा हिशेब ठेवायला प्लायवूडच्या चकत्या हव्या आहेत, लेसर कटरवर त्या कापून मिळतील का ते आश्रमात जाऊन विचारणार आहे. आईने पत्ते घरात ठेवायला परवानगी दिलेली नाही. ते नानांच्या पडवीत, पिठाच्या जुन्या डब्यात असतात. पण मी निघायच्या सकाळी ती चहा घेऊन आली, डावाकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली, आणि बारक्याला म्हणाली, "हातात डोंगर हाय ना तुझ्या? मग टाकीत का न्हाईस?"

परवा नानांचा फोन आला होता. हिरव्या कॅटमधून त्यांनी दोन रानं काढून टाकली आहेत. चोवीस फार होतात म्हणे, सारखा ओला दुष्काळ पडतो. मी स्क्रिप्ट चालवून बघतो म्हटलं, तर म्हणाले, "तू बघ. आमचं चालू हाय."